दराआधी भराव बघा
घरातली फरशी बदलायची तर 'तीन कोटेशनं घ्या आणि कमी दरवाल्याला काम द्या' हे मत अर्धंच पटलं. लादी बसवायची मजुरी स्क्वेअर फुटावर ठरते, पण स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) रनिंग फुटाने, म्हणजे लांबीवर, वेगळं लागतं आणि जुनी फरशी फोडून राडारोडा उचलायचे पैसे निराळेच. ते आधी लिहून घ्या.

शिवाय सांगलीतली काळी माती कुणी हिशेबात धरलेलीच नाही. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. आमच्याकडे तळमजल्याची फरशी मधोमध खचली, तेव्हा मिस्त्रींनी नाण्याने टकटक करत पोकळ वाजणाऱ्या फरश्यांवर खडूने फुल्या मारल्या. त्या उचलल्या तर खालचा भराव (फरशीखाली भरलेली माती) पार बसलेला. मग मुरूम टाकला, पाणी मारलं आणि धुम्मसाने ठोकून घट्ट केला. असं असताना 'जुन्यावरच केमिकलने चिकटवू' म्हणणारा कितीही स्वस्त असो, नको.