छोटी इलेक्ट्रिक एसयूव्ही रोजच्या वापराला: काय तपासून घ्यावं?

प्रश्न: रोजचं ६० किमी, अधूनमधून हायवे. ४० किलोवॉट-तासांची बॅटरी पुरेल का?

उत्तर १: रोजच्यासाठी आरामात. शहरात १०० किमीला साधारण १५ युनिट (१ युनिट म्हणजे १ किलोवॉट-तास) धरा, म्हणजे ६० किमीला ९. घरच्या ३.३ किलोवॉटच्या चार्जरवर तीन तासांत भरून निघतं. हायवेला मात्र हिशोब बदलतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ११० च्या वेगाला १०० किमीला २० युनिटही लागतात. ८० ते २० टक्के वापरलंत तर हातात २४ युनिट, म्हणजे जेमतेम १२० किमी. ब्रोशरमधल्या रेंजवर विसंबू नका.

उत्तर २: बॅटरी एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) आहे की एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट), हे आधी विचारा. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट असतो, म्हणून किती टक्के चार्ज उरलाय याचा गाडीचा अंदाज चुकत जातो; आठवड्यातून एकदा १०० टक्के भरा. एनएमसीला रोज ८० पुरे.

उत्तर ३: टेस्ट ड्राइव्ह खराब रस्त्यावरच घ्या, आणि मागच्या सीटवरही बसून बघा. बॅटरीमुळे फ्लोअर उंच असतो, गुडघे वर येतात, मांड्यांना आधार मिळत नाही. बॅटरी पूर्ण भरलेली असताना रीजन (वेग कमी करताना मोटरने बॅटरीत परत वीज भरणं) कमी होतं, तेव्हा ब्रेक कसा लागतो तेही पाहा.