मदत हवी आहे: शिक्षकांच्या डिजिटल स्वमूल्यमापनात नाव न घेता प्रगती कशी मोजावी?

नमस्कार. केंद्रातल्या शिक्षकांसाठी गूगल फॉर्मवर स्वमूल्यमापनाची प्रश्नावली बनवतो आहोत. आधार युरोपीय आयोगाच्या 2017 च्या डिजकॉम्पएड्यू (DigCompEdu) या शिक्षकांच्या डिजिटल क्षमतांच्या आराखड्याचा आहे: 6 क्षेत्रं, 22 क्षमता, ए1 ते सी2 अशा 6 पातळ्या.

‘मला ऑनलाइन चाचणी घेता येते’ असं विचारलं की बहुतेक जण ‘हो’ म्हणतात आणि हाती काहीच लागत नाही. म्हणून प्रश्न कृतीचा केला: गेल्या 30 दिवसांत फॉर्मवर चाचणी घेतली का? उत्तरसूची लावून गुण आपोआप काढले का? सर्वाधिक मुलांचा चुकलेला प्रश्न शोधून तो भाग वर्गात पुन्हा शिकवला का? तिसऱ्याला ‘हो’ आलं तरच वरची पातळी द्यायची. पहिल्या दोन्हींत फक्त साधन हाताळणं आहे, शिकवणं तिसऱ्यात आहे. हा फरक निसटला की पुढचं प्रशिक्षण पुन्हा पीपीटीवरच अडकतं.

आता अडलंय ते इथे. नाव मागितलं की उत्तरं फुगतात, कारण ती वरिष्ठांपर्यंत जातील अशी धास्ती असते. नाव नसेल तर सहा महिन्यांनी त्याच शिक्षकाची उत्तरं जुळवायची कशी? स्वतः निवडलेला संकेतांक लोक लक्षात ठेवतात का? शिवाय पुराव्यासाठी फाइल अपलोडचा प्रश्न टाकला की गूगल साइन-इन सक्तीचं होतं, मग निनावीपणावर कोण विश्वास ठेवणार?

ज्यांनी हे राबवलंय त्यांनी कृपया नेमकी पद्धत सांगावी. मराठी प्रश्नांचा नमुना मिळाला तर फारच मदत होईल.