शब्दचर्चा: 'इलेक्ट्रिकल ट्रान्सपोर्ट'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिका
एका व्याख्यानाचं पत्रक मराठीत करून द्यायचंय. विषय: सुपरकंडक्टिंग आणि करिलेटेड ऑक्साइडांच्या थिन फिल्म्समधलं इलेक्ट्रिकल ट्रान्सपोर्ट आणि मॅग्नेटिझम. मी 'ऑक्साइडांच्या तनुपटलांतील विद्युत परिवहन आणि चुंबकत्व' असं लिहून पाठवलं. आयोजकांपैकी एकांचा लगेच फोन: "ताई, विजेवरच्या बसगाड्यांचं व्याख्यान आहे का?" त्यांना तरी काय म्हणणार, 'राज्य परिवहन' सगळ्यांनी एसटीच्या अंगावरच वाचलंय. 'विद्युत वाहतूक' केलं तर आणखीच रस्त्यावर येतं. 'विद्युतवहन' सुचलं होतं, पण वक्त्या बाईंना ते अपुरं वाटतं. त्यांच्या मते ते नुसतं कंडक्शन झालं. पत्रक छापायला जायचंय. सुचवा.

वाईकर
वहनच ठेवा. उष्णतेचं वहन, अभिसरण, प्रारण हे तिन्ही शब्द शाळेपासून पक्के आहेत. 'संवहन' मात्र टाळा, हिंदीत अभिसरणाला संवहन म्हणतात, दोन्ही भाषा वाचणाऱ्यांचा घोळ होतो.

जुनी_वही
वाईकर, मग सुपरकंडक्टर, म्हणजे पुरेसा थंड केल्यावर ज्याचा रोध शून्य होतो, त्याच्या 'अतिसंवाहक' या नावातला 'सं' काढणार का? आमच्या वेळी सुवाहक, दुर्वाहक, विसंवाहक असे सगळे शब्द शेजारी शेजारी नांदत होते. कुणाचा घोळ झाला नाही. हिंदीतला 'अतिचालक' मराठीत चालणार नाही हे मात्र खरं. आपल्याकडे चालक म्हणजे गाडी चालवणारा आणि वाहक म्हणजे तिकिटं देणारा, हे एसटीनंच ठरवून टाकलंय. त्या मानानं 'वाहक' शब्द दोन्ही कामं निभावतो. विज्ञानाच्या तासाला मुलं तो ऐकून कधी अडखळली नाहीत.

निर्वातवाला
मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून आधी वक्त्या बाईंची अडचण सांगतो. ट्रान्सपोर्ट म्हणजे फक्त वीज वाहते की नाही एवढंच नव्हे. नमुन्यावर चार तारा जोडतात. बाहेरच्या दोन तारांतून धारा सोडायची, आतल्या दोन तारांवर विभवांतर मोजायचं. दोनच तारा ठेवल्या तर जोडाचा रोधही मापात येतो आणि खऱ्या शून्य रोधाचा पत्ताच लागत नाही. मग तापमान उतरवत रोध नोंदवायचा. प्रयोगशाळेत एकमेकांना विचारतात ते "आर-टी काढलास का?" एवढंच, म्हणजे रोध आणि तापमानाचा आलेख. त्यानंतर चुंबकीय क्षेत्र लावायचं आणि धारेला आडवं विभवांतर बघायचं. हा 1879 चा हॉल परिणाम. प्रभार वाहणारे कण ऋण की धन, आणि किती, याचा अंदाज त्यावरून येतो. उष्णतेचा प्रवाह, एक टोक तापवल्यावर उभं राहणारं विभवांतर, हेही त्याच नावाखाली येतं. म्हणून मी 'वहनगुणधर्म' म्हणेन.
पण खरी हरकत 'तनुपटला'वर आहे. आमच्यापैकी कुणीही हा शब्द तोंडानं उच्चारलेला मी ऐकलेला नाही. 'थर' म्हणा.

अनुवादिका
'थर' म्हटलं की कितीही जाड चालतो. मग 'पातळ थर' लिहावं लागतं. आणि 'पातळ' म्हटलं की मला आमटी आठवते, आईला नऊवारी.

फोंडेकर
आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सोनारकी. पातळ थराला आमच्याकडे दोन शब्द आहेत आणि दोन्ही वेगवेगळे. 'वर्ख' म्हणजे ठोकून ठोकून पातळ केलेलं पान, ते वेगळं बनतं आणि मग वर चिकटतं. 'मुलामा' म्हणजे जिनसावरच चढवलेला थर. वर्ख अरबी 'वरक'वरून, म्हणजे पान. मुलामाही अरबीच. दोन्ही मराठीत मुरलेत, कुणी त्यांना परके म्हणत नाही. तुमच्या प्रयोगशाळेत लेसरनं थर चढवतात म्हणे, तो मुलामाच ना?

निर्वातवाला
फोंडेकर, फरक नेमका पकडलात. वर्ख तर नक्कीच नाही. पण मुलामा म्हणायला मला जड जातं, कारण मुलाम्याला खालच्या वस्तूची रचना पाळावी लागत नाही. आमच्या पद्धतीत ऑक्साइडच्या वडीवर लेसरचे ठोके पडतात, तिच्यातून द्रव्य उडतं आणि समोर तापवून ठेवलेल्या स्फटिकाच्या चकतीवर बसतं. चकतीतल्या अणूंची जी मांडणी, तीच वरचा थर उचलतो. चकतीतले अणू थोडे लांब लांब असले तर थर ताणला जातो आणि त्याचे गुण बदलतात. अतिसंवाहक ऑक्साइडांचे थर या पद्धतीनं 1987 मध्ये अमेरिकेत बेलकोर प्रयोगशाळेत टी. वेंकटेशन आणि सहकाऱ्यांनी केले आणि तिथून ही पद्धत जगभर गेली.
थर पातळ आहे एवढ्यावर थांबलं तर विषय निसटतो. स्टॅनफर्डच्या गटानं 2019 मध्ये निओडिमियम-स्ट्राँशियम निकलेटचा, म्हणजे निकेलच्या एका ऑक्साइडाचा थर स्ट्राँशियम टायटनेटवर वाढवला, त्यातला काही ऑक्सिजन काढून घेतला, आणि तो 9 ते 15 केल्विनच्या दरम्यान, म्हणजे उणे 260 अंश सेल्सिअसच्या आसपास, अतिसंवाहक झाला. त्याच संयुगाचे ठोकळे करून पाहिले तर त्यांत अतिसंवाहकता मिळाली नाही. म्हणून 'वाढवलेला' हा अर्थ शब्दात यायला हवा असं मला फार वाटतं.

जुनी_वही
मग 'पापुद्रा' घ्या. पापुद्रे एकावर एक धरतात, आणि शब्द सगळ्यांच्या ओळखीचा.

वाईकर
पापुद्रा सुटतो. जो सुटून यायला बघतो तोच पापुद्रा. 'पटल' संस्कृत आहे म्हणून त्याच्यावर राग का? डोळ्यातल्या 'दृष्टिपटला'ला कुणी नाक मुरडत नाही.

निर्वातवाला
दृष्टिपटल रुळला कारण डॉक्टर आणि रुग्ण दोघं तो बोलतात. तनुपटल कोण बोलतं? मी सकाळी प्रयोगशाळेत जाऊन "तनुपटल कसं आलं?" विचारलं तर मराठी विद्यार्थीसुद्धा मान वर करणार नाही. 'फिल्म' शब्द प्रत्येकाच्या तोंडी आहे. अनेकवचनही मराठी वळणानं होतं, "फिल्मा चांगल्या आल्यात" असं बोलतात.

जुनी_वही
प्रयोगशाळेत दहाजण काय बोलतात यावर शब्द ठरवायचे, तर मराठीत विज्ञान फक्त क्रियापदांपुरतं उरेल. 1987 साली 93 केल्विनलाच अतिसंवाहक होणाऱ्या ऑक्साइडाची बातमी आली, तेव्हा मी नववीला शिकवत होतो. द्रवरूप नायट्रोजन 77 केल्विनला उकळतो, म्हणजे आता महागड्या हेलियमशिवाय हे दिसणार, हे मी फळ्यावर लिहून समजावलं. यिट्रियम, बेरियम, तांबं, ऑक्सिजन. 'अतिसंवाहक' शब्द मुलांनी एकदा ऐकला आणि धरला, कारण 'वाहक' आधीच माहीत होता आणि 'अति' घरातला. ओळखीच्या तुकड्यांतून बनलेला शब्द स्वतःचा अर्थ सांगतो. 'फिल्म' त्या मुलांना सिनेमाला घेऊन गेली असती.

निर्वातवाला
अतिसंवाहकाबद्दल तुमचं म्हणणं मान्य, सर. तो शब्द मीही वापरतो. पण तुकडे ओळखीचे असून फसवतात, हेही होतं. पत्रकातल्या 'करिलेटेड'चं काय? कोशातून 'सहसंबंधित' येईल, तो संख्याशास्त्रातला. पाऊस आणि पीक यांचा सहसंबंध. इथं गोष्ट निराळी आहे. निकेल ऑक्साइडमध्ये पट्टसिद्धांताच्या (घन पदार्थांतल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्यांच्या सिद्धांताच्या) साध्या हिशेबानं वीज वाहायला हवी, ती वाहत नाही. डी बूर आणि व्हर्वे यांनी 1937 मध्येच हे दाखवून दिलं. एका अणूवर दोन इलेक्ट्रॉन आले तर त्यांच्यातलं प्रतिकर्षण इतकं जबर की कुणी जागचा हलत नाही. प्रत्येकाची हालचाल बाकी सगळ्यांवर अवलंबून. 'सहसंबंधित' वाचून यातलं काहीही डोळ्यांसमोर येत नाही.

अनुवादिका
'परस्परबद्ध'? 'गुंतलेले' म्हणणार होते, पण गुंतागुंत हा शब्द क्वांटम भौतिकीतल्या एंटँगलमेंटवाल्यांनी घेतलाय.

वाईकर
'परस्परबद्ध' छान आहे. या पदार्थांना भौतिकशास्त्रज्ञ नेव्हिल मॉट यांच्या नावावरून मॉट विसंवाहक म्हणतात ना? तिथं 'मॉट'च छापा. एका लेखात 'मोट विसंवाहक' वाचलं होतं, मी बराच वेळ विहिरीवरच्या मोटेचा संबंध शोधत होतो.

फोंडेकर
मुलाम्याचं उत्तर मिळालं, आता एक विचारायचं राहिलं. दोन जिनसा जिथं भिडतात तिथं काही वेगळं घडतं का? आमच्याकडे त्या जागेला सांधा म्हणतात.

निर्वातवाला
फोंडेकर, सांधा! आम्ही 'इंटरफेस' म्हणतो, कोशवाले 'अंतरपृष्ठ'. सांधा दोन्हींपेक्षा सरस आहे. लँथॅनम ॲल्युमिनेट आणि स्ट्राँशियम टायटनेट, दोन्ही विसंवाहक. एकावर दुसरा वाढवला तर सांध्यात वीज वाहते, हे ओटोमो आणि ह्वांग यांनी 2004 मध्ये दाखवलं. वरच्या द्रव्याचे किमान चार एककोषांचे (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान घटकांचे) थर लागतात, तीनवर काही होत नाही. 2007 मध्ये तोच सांधा साधारण 0.2 केल्विनखाली अतिसंवाहक झालेला दिसला. दोन दुर्वाहकांच्या मध्ये अतिसंवाहक, मी अजूनही विद्यार्थ्यांना हे सांगताना थांबतो.

जुनी_वही
सांधा मलाही पटला. आता चुंबकत्वाकडे या, तिथं मराठीची खरी पंचाईत आहे. अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्र बाहेर लोटतो, मायस्नर आणि ओक्सेनफेल्ड, 1933. त्या गुणाला आपण 'प्रतिचुंबकत्व' म्हणतो. आणि शेजारशेजारचे अणुचुंबक उलटसुलट दिशांना असले तर 'प्रतिलोहचुंबकत्व'. दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आणि उपसर्ग एकच.

निर्वातवाला
आणि तांब्याच्या ऑक्साइडांत दोन्ही एकाच कुटुंबात भेटतात. लँथॅनम कॉपर ऑक्साइड मुळात प्रतिलोहचुंबकीय विसंवाहक. लँथॅनमच्या काही जागी बेरियम घातलं की अतिसंवाहक, म्हणजे प्रतिचुंबकीय. बेडनोर्झ आणि म्युलर यांनी 1986 मध्ये झुरिकजवळ याच कुटुंबात शोध लावला. एका वाक्यात दोन 'प्रति' आले की वाचणारा थांबून मागं जातो.

फोंडेकर
उलटसुलट असेल तर 'आळीपाळीचं चुंबकत्व' म्हणा की.

निर्वातवाला
चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत मी लगेच हो म्हटलं असतं. 2022 च्या सुमारास 'आल्टरमॅग्नेट' नावाचा वेगळाच वर्ग पुढं आला. त्यातही चुंबक उलटसुलट असतात, एकूण चुंबकत्व शून्य, पण इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत फिरकीनुसार (स्पिननुसार) फरक पडतो. 'आळीपाळी' त्यांच्यासाठी राखून ठेवावी लागेल.

वाईकर
मग 'प्रतिलोह'मधला 'लोह' तरी काढा. त्या तांब्याच्या ऑक्साइडात लोखंड आहे कुठं?

जुनी_वही
लोह काढलंत तर नुसतं 'प्रतिचुंबकत्व' उरतं, वाईकर. तोच तर तंटा आहे.