मुलीला स्वतःचा मेजर (डिग्रीचा मुख्य विषय) स्वतःच बनवायचाय. करू द्यावं का?

पांझराकाठ:
नमस्कार मंडळी. मूळचा साक्री तालुक्यातला, न्यू जर्सीत 21 वर्षं झाली. मुलगी स्टेट युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे. एन्व्हायर्न्मेंटल इंजिनिअरिंगला घातली होती. थँक्सगिव्हिंगला घरी आली आणि भाकरी मोडता मोडता म्हणाली, इंजिनिअरिंग सोडतेय. मग काय करणार? तर म्हणे, "मेजर मी डिझाइन करणार."

तिच्याकडे तशी सोय आहे म्हणे. वेगवेगळ्या डिपार्टमेंटचे कोर्स जमवायचे, एक प्रोफेसर गाठायचा, प्रस्ताव लिहायचा. समितीने होकार दिला की डिग्री त्याच नावाची. नाव ठरवूनही झालंय: 'वॉटर, कम्युनिटी अँड जस्टिस'. हायड्रॉलॉजी (पाण्याचं शास्त्र), इतिहास आणि पब्लिक पॉलिसी.

खापर माझ्याच डोक्यावर फुटतंय. दोन वर्षांपूर्वी गावी गेलो तेव्हा तिला पांझरा नदीवरचा बंधारा मीच दाखवला. माझे आजोबा पाटकरी होते. एका फडात, म्हणजे बंधाऱ्याखालच्या शेतांच्या एका गटात, सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकऱ्याने सोडायचं, राखणीला जागल्या. स्वतःच्या शेताला स्वतः पाणी वळवून घ्यायचं नाही, मग तो कितीही मोठा बागायतदार असो. मी आपली गोष्ट म्हणून सांगितली, हिने तिचा अभ्यासक्रम केला!

बायको म्हणते करू दे. मला एवढंच सांगा, नोकरी देणारा हे नाव वाचून काय समजेल? आणि चार वर्षांची पाच होतात का? फी मी भरतोय.

स्लाइडरूल:
मी सिव्हिलवाला, पीई (लायसन्सवाला इंजिनिअर) आहे. सही-शिक्क्याचं काम करायचं असेल तर एबेटची (इंजिनिअरिंगचे अभ्यासक्रम तपासणारी संस्था) मान्यता असलेली इंजिनिअरिंग डिग्री हा सरळ रस्ता. घरी शिवलेल्या मेजरला ती मान्यता नसते. वळसा घालून लायसन्सपर्यंत जायचं तर राज्याराज्याचे नियम वेगळे, वर्षं जातात. माझं मत विचाराल तर इंजिनिअरिंग पुरं करा आणि इतिहासाची हौस मायनरमध्ये (जोडविषयात) भागवा.

मधली_आळी:
दादा, मी हेच केलंय, 2009 साली. भाषाशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स आणि श्रवणशास्त्र अशी खिचडी. म्हणून जरा लांबण लावते.

आधी एक. हे आजचं फॅड नाही. ब्राऊन युनिव्हर्सिटीने ओपन करिक्युलम (विषयांची सक्ती नसलेला अभ्यासक्रम) 1969 मध्येच आणलं, तिथे विद्यार्थी स्वतःचं कॉन्सन्ट्रेशन (म्हणजे मेजरच) रचून मांडू शकतो. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचं गॅलॅटिन स्कूल 1972 पासून आहे. तिथे तर सगळेच आपापला विषय बांधतात आणि शेवटी स्वतः निवडलेल्या पुस्तकांवर तीन जणांसमोर तोंडी चर्चा असते. तेव्हा 'इंजिनिअरिंग झेपलं नाही म्हणून पळवाट' असं तिला म्हणू नका.

माझा पहिला प्रस्ताव परत आला होता. 14 कोर्सची यादी, प्रत्येकापुढे तो का आवडतो ते. समितीने खाली पेन्सिलीने एकच ओळ लिहिली होती: ही आवड झाली, प्रश्न कुठे आहे? खूप रडले. मग दोन आठवडे बसून एकच पान लिहिलं: ऐकू कमी येणाऱ्या माणसाला आपलीच भाषा कशी ऐकू येते, आणि हे कळायला एकट्या भाषाशास्त्राचा मेजर का पुरत नाही. तेव्हा पास झाला. तिच्या प्रस्तावातही जीव त्या 'का पुरत नाही'च्या पानात आहे. ते पान तुम्ही वाचायला मागा, कोर्सची यादी नंतर.

आता कटकटी. वरच्या लेव्हलचे पुष्कळ कोर्स त्या त्या मेजरवाल्यांसाठी राखीव असतात. आपण कुणाचेच नसतो, त्यामुळे रजिस्ट्रेशनच्या वेळी दारात उभे. मला तीन कोर्ससाठी प्रोफेसरांना ईमेल करून अक्षरशः गळ घालावी लागली. काही कोर्स वर्षाआड असतात, तेही आधी बघायचं. आणि माझे सल्लागार नेमके शेवटच्या वर्षी सबॅटिकलवर (लांबच्या अभ्यासरजेवर) गेले! सीनियर प्रोजेक्ट स्काइपवर झाला. म्हणून मार्गदर्शक दोन हवेत, दोन डिपार्टमेंटचे. माझी चार वर्षांतच झाली, पण एक समर सेमिस्टर घालावं लागलं.

पुढे हायड्रॉलॉजीत मास्टर्स करायचं मनात असेल तर कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री सोडायची नाही. जोडीला स्टॅटिस्टिक्स आणि जीआयएस (कॉम्प्युटरवरचे नकाशे). इंटरव्ह्यूत नावाची चौकशी पाच मिनिटं होते, नंतर विचारतात काय करता येतं. आणि नाव छोटं ठेवा. माझं ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) मावलं नाही, शेवटचा शब्द 'कॉम्प्युट'वरच तुटलाय. अजून लोक विचारतात.

वडाची_साल:
यांच्या मुलीला बहुधा लागू नाही, पण एफ-1 वर (विद्यार्थी व्हिसावर) असलेल्यांनी वाचा. ओपीटी (शिक्षणानंतर तिथे काम करायची परवानगी) 12 महिने सगळ्यांनाच. वरचे 24 महिने मिळतात ते डिग्रीचा सीआयपी कोड (सरकारी विषय-क्रमांक) स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत असेल तरच. स्वरचित मेजरला कॉलेज कोणता कोड लावतं हे प्रस्ताव देण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन विचारा. माझ्या मित्राने सही झाल्यावर विचारलं. आता पुण्यात आहे, बरं चाललंय त्याचं.

तिखट_शेव:
पुण्यातून. आमच्या पोराच्या कॉलेजात नव्या शैक्षणिक धोरणाचे मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह सगळं आहे. फक्त टाइमटेबलात बसेल तेच मिळतं. त्याने भूगोलाबरोबर संगीत मागितलं, मिळालं टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर). तुमची पोरगी नशीबवान आहे.

पांझराकाठ:
सगळ्यांचे आभार. मधली_आळी, तुमचं उत्तर तिला जसंच्या तसं पाठवलं. आधी चिडली, मग रात्री दीडला 'ते पान' आलं. 'जस्टिस' गेलंय, आता नुसतं 'वॉटर अँड कम्युनिटी'. प्रश्न असा: नदीला पाणी कमी असतं तेव्हा शेवटच्या शेताचं पाणी कोण ठरवतं, आणि ते बाकीच्यांनी का ऐकायचं. आजोबा असते तर याचं उत्तर त्यांनी शिवीसकट दिलं असतं. कॅल्क्युलस ठेवतेय. स्लाइडरूल, तुमचा एबेटचा मुद्दा तिला माहीत होता, मलाच नव्हता.

काल आत्याला फोन लावून दिला. पाऊण तास दोघी बोलत होत्या, हिची मराठी आणि आत्याची अहिराणी. हिने चार पानं टिपणं काढली. शेवटी आत्याने फोन मला द्यायला सांगितला आणि विचारलं, "पोरले पगार कितला भेटी?"