मुलगा पाळणाघरात एक शब्द बोलत नाही, घरी मराठी बंद करा म्हणतात. मदत हवी आहे

निशिगंध (मंगळवार, रात्री ११.२०)

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर हलवा.

आज मुलाला घ्यायला गेले तर बाईंनी बाजूला घेतलं. म्हणाल्या, तुमचा मुलगा दिवसभर एक शब्द बोलत नाही. सकाळी सगळी मुलं गोलात बसून गोष्ट ऐकतात, तेव्हा हा उठून खेळण्यांकडे जातो. हाक मारली तर बघतही नाही. वर सांगितलं, घरी तुमची भाषा थांबवा आणि इथली बोला, म्हणजे सुधारेल. मी तिथे नुसती मान हलवली आणि बसस्टॉपवर येऊन रडले.

मराठी खरंच बंद करायचं का? माझ्या आईला दुसरी कुठली भाषा येत नाही, तिच्याशी तो काय बोलणार? गुरुवारी सकाळी बाईंना परत भेटायचंय. कुणाला अनुभव असेल तर प्लीज लवकर सांगा.

जर्सीकर (११.४१)

घाबरू नका. तीन वर्षांच्या आत असेल तर अर्ली इंटरव्हेन्शनला (वाढीत मागे पडणाऱ्या लहान मुलांसाठीचा सरकारी कार्यक्रम) फोन करा. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, आईवडील स्वतः फोन करू शकतात आणि तपासणीचे पैसे लागत नाहीत. आमच्या मुलीला थेरपिस्ट घरी येत होती. पण तीन वर्षं पूर्ण झाली की तो कार्यक्रम संपतो आणि शाळेच्या डिस्ट्रिक्टकडे जावं लागतं, म्हणून उशीर करू नका.

चौकस (११.५५)

जर्सीकर, त्या अमेरिकेत आहेत हे कुठे लिहिलंय?

निशिगंध, आधी हे सांगा: देश कुठला, मुलाचं वय काय, पाळणाघर कधी सुरू झालं, घरी किती भाषा, घरी बोलतो का आणि काय बोलतो. एवढं कळल्याशिवाय जो तो आपल्या मुलाचंच औषध सांगणार.

नाशिकची_काकू (बुधवार, सकाळी ६.१०)

बाळा, रडू नकोस. काही मुलं उशिरा बोलतात. माझा धाकटा तीन वर्षांचा होईपर्यंत मुका होता, आता वकील आहे. वेखंड मधात उगाळून रोज सकाळी जिभेला चाटवायचं, जीभ सुटते. भारतातून मागवून घे.

पिंपळपान (६.५०)

काकू, तुमच्या मायेबद्दल शंका नाही, पण वेखंड कृपा करून सुचवू नका. त्यात असारोन नावाचं द्रव्य असतं आणि अमेरिकेत १९६८ पासून खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालायला बंदी आहे. रोज किती उगाळलं गेलं ते मोजायचं कुणी? मी फार्मसीत काम करते म्हणून ठाम सांगतेय.

नाशिकची_काकू (७.०५)

आमच्या चार पिढ्या वेखंडावर वाढल्या. पण तू त्यातली जाणकार आहेस, तर राहू दे. मध तरी चालेल ना?

पिंपळपान (७.०८)

एक वर्षानंतर मध चालतो, काकू. एक वर्षाच्या आत मात्र अजिबात नाही.

हाम्बुर्गवाला (७.३०)

‘सकाळी गोलात’ वाचून जर्मनी वाटतंय. मोर्गनक्राइस म्हणतात तो.

थोडं कडू बोलतो. बाईंचं ऐका. आम्ही दोन वर्षं घरी मराठीच बोललो आणि मुलगी किटात, म्हणजे इथल्या पाळणाघरात, कोपऱ्यात बसून राहायची. मग घरी जर्मन सुरू केलं, सहा महिन्यांत घडाघडा बोलायला लागली. मुलाच्या डोक्यात तीन-चार भाषांची खिचडी कशाला? इथे राहायचंय तर इथली भाषा आधी. मराठी सुट्टीत शिकेल.

सोलापुरी_चटणी (८.०२)

हाम्बुर्गवाला, तुमची मुलगी घरी जर्मन बोललात म्हणून बोलायला लागली की किटात सहा महिने जास्त झाले म्हणून, हे कशावरून ठरवलंत?

मी सोलापूरची. आमच्या शेजारी पद्मशाली कुटुंब होतं, घरात तेलुगू. मागच्या वाड्यात कन्नड, कोपऱ्यावर उर्दू, शाळेत मराठी. पाचवीतली पोरं माग चालवणाऱ्या आजोबांशी तेलुगूत आणि भाजीवालीशी कन्नडमध्ये बोलायची. खिचडी झाली म्हणून कुणी डॉक्टरकडे गेलेलं मला आठवत नाही. जास्त भाषांमुळे मूल मुकं होत नाही. दोन वर्षांच्या मुलाचे शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे, एकट्या जर्मनचे नाहीत.

आणि ज्या भाषेत आईला स्वतःला अडखळायला होतं, त्या भाषेत ती मुलाशी गप्पा काय मारणार? नुसत्या सूचना देईल. बूट घाल, हात धू, चल लवकर. निशिगंध, मराठी बंद करू नका. मी हे अगदी हात जोडून सांगतेय.

हाम्बुर्गवाला (८.२०)

सोलापुरात तेलुगू मुलाला मराठी गल्लीतच ऐकू येते. इथे एर्त्सीहरिनशिवाय (किटातल्या बाईंशिवाय) जर्मन कोण बोलणार त्याच्याशी? दोन्ही परिस्थिती एक नाहीत.

सोलापुरी_चटणी (८.२६)

किटात सात-आठ तास जर्मन ऐकतोच की. मराठी ऐकवायला घरच उरतं.

डबेवाली_आई (९.१५)

जरा वेगळा प्रश्न. किटाच्या ब्रोटडोझमध्ये (डब्यात) तुम्ही काय देता? आमच्या गटात शेंगदाणे, काजू काहीच चालत नाही, त्यामुळे पोहेसुद्धा दाण्याशिवाय करते. थालीपीठ दिलं तर परत येतं. काल घावन दिलं तर तेही.

घाटावरची (९.४०)

घावनात गूळ-खोबरं भरून सुरळी करून द्या, हातात धरता येते. गार झालं तरी मऊ राहतं.

चौकस (९.४८)

डब्यासाठी वेगळा धागा काढा, चांगला चालेल. निशिगंध, उत्तरं द्या ना. गुरुवार उद्यावर आलाय.

निशिगंध (दुपारी १.०५)

सॉरी, ऑफिसात होते. हो, जर्मनी, एर्लांगन. लिहायचंच राहिलं.

मुलगा २ वर्षं ८ महिन्यांचा. किटा सप्टेंबरमध्ये सुरू झालं. मी मराठी बोलते, नवरा तेलुगू, आम्ही दोघं आपसात इंग्रजी. आइनगेव्योनुंगला (तिथे रुळायला) पाच आठवडे लागले, पण आता जाताना रडत नाही.

घरी बोलतो. उन्हाळ्यात तर खूप बोलायचा, ‘आजी चंद्र आला’, ‘बाबा ट्रक रा रा’ असं मराठी-तेलुगू जोडून. आता कमी झालंय, आणि शब्द बोबडे झालेत असं मला वाटतं. आधी ‘काकडी’ स्पष्ट म्हणायचा, आता ‘ताती’. मला वाटलं जर्मन शिकतोय म्हणून गोंधळ होत असेल.

डबेवाली_आई (१.३०)

टीव्ही किती बघतो? मोबाइल? माझ्या भावाच्या मुलाचं मोबाइलमुळेच झालं होतं. बंद केला आणि महिन्यात बोलायला लागला.

निशिगंध (१.४४)

मोबाइल देत नाही. टीव्ही रविवारी अर्धा तास. आवाज मोठा करायला सांगतो, तेवढाच हट्ट. मोबाइल फक्त आईच्या व्हिडिओ कॉलला. तेव्हाही स्क्रीन बघत नाही, फोन ओढून घेतो आणि कानाला घट्ट चिकटवतो. आई तिकडून म्हणत राहते, अरे मला तुझा कानच दिसतोय, तोंड दाखव.

पिंपळपान (१.५२)

थांबा. हे महत्त्वाचं आहे.

किटा सुरू झाल्यापासून सर्दी किती वेळा झाली? घोरतो का? तोंड उघडं ठेवून झोपतो का? कान दुखतो म्हणाला का? मागून हाक मारली तर वळतो का?

निशिगंध (२.१०)

सर्दी सतत. ऑक्टोबरपासून नाक वाहायचं थांबलेलंच नाही, पण किटातल्या सगळ्याच मुलांचं तसं आहे. हो, घोरतो. तोंड उघडं असतं. कान दुखतो असं कधी म्हणाला नाही.

मागून हाकेचं… आत्ता विचार करतेय. कचऱ्याचा ट्रक आला की खिडकीत उभा असतो, तेव्हा मी स्वयंपाकघरातून हाक मारली की ढिम्म हलत नाही. मला वाटायचं ट्रकमध्ये रमलाय. पण जन्मल्यावर हॉस्पिटलात कान तपासले होते, दोन्ही व्यवस्थित होते. कागद आहे माझ्याकडे.

पिंपळपान (२.३१)

जन्मतःची तपासणी आतल्या कानाचा जन्मजात दोष आहे का ते बघते. त्यानंतर पडद्यामागे पाणी साठलं तर ते त्या कागदावर कसं दिसणार?

लहान मुलांची नाकापासून मधल्या कानापर्यंत जाणारी नळी आखूड आणि आडवी असते. सतत सर्दी आणि त्यात नाकामागची गाठ (ॲडेनॉइड) वाढलेली असेल तर ती नळी तुंबते आणि पडद्यामागे चिकट द्रव साठतो. जर्मनमध्ये पाउकेनएरगुस. दुखत नाही, ताप येत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पूर्ण बहिरेपण नसतं. पोहताना पाण्याखाली आवाज जसे येतात तसं त्याला ऐकू येतं. शांत घरात, समोरासमोर बोललात तर बरंच कळतं. वीस मुलांच्या गलक्यात, अर्धवट येणाऱ्या भाषेतली गोष्ट कळत नाही. मग मूल उठून जाणारच. बारीक व्यंजनं हरवली की शब्दही बोबडे होतात.

हेच असेल असं मी इथे बसून सांगू शकत नाही. पण भाषेचा निर्णय घेण्याआधी कान तपासा.

हाम्बुर्गवाला (२.५०)

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या धाकट्याला याच कारणासाठी पाउकेनर्योअरशेन घातल्या, पडद्यात बारीक नळ्या. ऑपरेशननंतर घरी आलो, नळ सोडला तर त्याने कानांवर हात ठेवले. धाकट्याचं सगळं माहीत असून मी तुम्हाला आधी भाषेवरून बोललो, चुकलंच.

अपॉइंटमेंटचं सांगतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे थेट फोन केलात तर तीन महिन्यांनंतरची तारीख देतील. बालरोगतज्ज्ञाकडून युबरवायझुंग (दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवायची चिठ्ठी) घ्या आणि त्यावर ड्रिंगलिशकाइट्सकोड (तातडीचा कोड) मागा, बारा अक्षरांचा असतो. तो घेऊन ११६११७ वर (डॉक्टरांच्या वेळा मिळवून देणारी सेवा) फोन करा किंवा त्यांच्या ॲपवर टाका. साधारण चार आठवड्यांच्या आत तारीख मिळवून देतात. डॉक्टर तुमच्या पसंतीचा असेलच असं नाही, गाव थोडं लांबचंही असू शकतं. तरी घ्या.

घाटावरची (३.१५)

यू ७ ए (मुलांची ठरलेली तपासणी) झाली का? ३४ ते ३६ महिन्यांत असते, म्हणजे तुमची जवळच आली. तिथे बोलणं विचारतातच. पण त्यासाठी थांबू नका, आधी जा.

जर्सीकर (४.००)

आमच्याकडे किटासारख्या डेकेअरला महिन्याला घरभाड्याएवढे पैसे जातात. जर्मनीत फुकट असतं ना?

हाम्बुर्गवाला (४.१२)

राज्यागणिक वेगळं. हाम्बुर्गमध्ये रोजचे ५ तास जेवणासकट फुकट. बर्लिनमध्ये ऑगस्ट २०१८ पासून सगळंच, जेवणाचे तेवढे वेगळे द्यायचे. बायर्नमध्ये तसं नाही, ते निशिगंधच सांगतील.

चौकस (४.१५)

फीचं नंतर. निशिगंध, उद्या बाईंना काय सांगणार आहात ते ठरलं का?

सोलापुरी_चटणी (४.४०)

मी सुचवते. एवढंच सांगा, की कानाची तपासणी करतोय, तोपर्यंत त्याच्याशी बोलताना समोर येऊन, खाली वाकून, डोळ्यात बघून बोला, आणि गोलात त्याला तुमच्या शेजारी बसवा. भाषेबद्दल विचारलं तर म्हणा, घरी आमच्याच भाषा राहतील. हे भांडण नाही, आपली माहिती आहे. जर्मन अडलं तर आधी कागदावर लिहून न्या. मी पहिली दोन वर्षं चिठ्ठी घेऊनच जायचे.

निशिगंध (गुरुवार, रात्री १०.०५)

चिठ्ठी घेऊन गेले. बाईंनी पूर्ण वाचली आणि म्हणाल्या, कानाचा विचार आमच्याही मनात आला नव्हता. भाषेबद्दल पुढे काही बोलल्या नाहीत. बालरोगतज्ज्ञांची सोमवारची वेळ मिळाली.

आज संध्याकाळी एक करून बघितलं. तो ठोकळे लावत होता, मी मागे उभी राहून हळू आवाजात म्हटलं, ‘चॉकलेट हवं?’ हलला नाही. मग समोर जाऊन तेच म्हटलं तर लगेच ‘हो’. तीनदा केलं, तीनदा तसंच. इतके महिने मी त्याला ऐकत नाहीस म्हणून ओरडत होते.

नाशिकची_काकू (१०.३०)

अगं, तुला कुठून कळणार? मीसुद्धा धाकट्याला ओरडले होते. आज त्याला जवळ घेऊन झोप.

निशिगंध (तीन आठवड्यांनी, शनिवार)

उशिरा लिहितेय, पण सगळ्यांना सांगायचं होतं.

११६११७ वरून १६ दिवसांत तारीख मिळाली, फ्युर्थमध्ये. डॉक्टरांनी कानात मऊ टोक धरून एक यंत्र लावलं, काही सेकंदांचं काम, तो रडलाही नाही. कागदावर डोंगरासारखी रेघ यायला हवी होती, दोन्ही कानांची सपाट आली. दोन्हीकडे पाणी आहे. नाकामागची गाठही वाढलेली आहे. लगेच ऑपरेशन नाही, तीन महिने थांबून पुन्हा तपासायचं, कारण बऱ्याच मुलांचं आपोआप उतरतं, उन्हाळ्यात सर्दी कमी झाली की जास्तच. नाही उतरलं तर गाठ काढणं आणि नळ्या. लोगोपेडीची (स्पीच थेरपीची) चिठ्ठी बालरोगतज्ज्ञांनी दिली, मुलांना त्यात वरचे पैसे भरावे लागत नाहीत. मात्र तिथे वेटिंग लिस्ट आहे.

किटात आता बाईंच्या मांडीला लागून बसतो. काल गोष्ट संपेपर्यंत बसला होता असं त्यांनी मुद्दाम बाहेर येऊन सांगितलं. बोलला नाही, पण बसला.

मराठी चालूच आहे. आईला सांगितलंय, तो फोन कानाला लावेल, लावू दे, तू मोठ्याने आणि सावकाश बोल. काल तिने शेजारणीच्या मांजराची गोष्ट सांगितली, त्याने दोनदा ‘आणखी’ म्हटलं.

एक विचारायचं होतं. कानातलं पाणी उतरायला नाकाने फुगा फुगवायचं एक साधन असतं म्हणे. ते याला चालेल का?

पिंपळपान (शनिवार, संध्याकाळी)

खूप बरं वाटलं वाचून. फुगा आपोटेकेत (औषधाच्या दुकानात) मिळतो, पण साधारण तीन वर्षांपासून. एक नाकपुडी दाबून दुसरीने हवा सोडायची हे मुलाला जमायला लागतं. अजून साधारण तीन महिने आहेत. तोवर डॉक्टरांना विचारून ठेवा आणि नाक शिंकरायची सवय लावा. समोर पिसाचा तुकडा ठेवून नाकाने उडवायला सांगा, त्याला खेळ वाटेल.

डबेवाली_आई (शनिवार, रात्री)

निशिगंध, आनंद झाला. घाटावरची, गूळ-खोबऱ्याची सुरळी संपली बरं का, डबा रिकामा आला. डब्यांचा धागा काढलाय, सगळ्यांनी या.