मदत हवी आहे: छपराच्या लाकडी पुलाची तुळई कुजतेय
अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या आमच्या गावच्या जुन्या छपरी पुलाच्या देखभालीत मी हौसेने हात लावतो. टाऊन लॅटिस आहे, म्हणजे इथिएल टाऊन यांच्या १८२० च्या पेटंटवाली तिरक्या फळ्यांची जाळी, लाकडी खुंट्या ठोकलेली. छप्पर ठणठणीत, पण खालची तुळई दगडी पायावर टेकते तिथे चाकांबरोबर आलेली माती नि बर्फ साचून लाकूड मऊ पडलंय, स्क्रूड्रायव्हर टोचला तर सरळ दोन इंच आत जातो आणि बाहेरून बघाल तर काही कळत नाही. माती काढली, बोरेटचं (कुजवणारी बुरशी मारणाऱ्या क्षाराचं) पाणी दोनदा मारलं. इपॉक्सी (घट्ट होणारी कृत्रिम राळ) भरा असं प्लीज सुचवू नका, आत ओल कोंडते. गाड्या सध्या बंद आहेत, जुनं लाकूड शक्य तितकं ठेवायचंय. बोरेटच्या कांड्या आत घालून भागेल की कुजका भाग कापून नवा सांधाच लागेल, आणि कुज किती खोल गेलीय ते भोकं पाडून लाकडाची चाळण न करता कसं ओळखायचं?