मेट्रोच्या धुळीवर विजेचा फवारा? जरा थांबा

रामबागकर: काल इथे कुणीतरी ठणकावून लिहिलंय, "मेट्रोच्या कामावर विद्युतभारित पाण्याचे फवारे लावा, इंदूरची धूळ महिन्यात गायब." अहो, युक्ती खरी आहे. नोझलच्या तोंडाशी काही हजार व्होल्टचं कडं असतं, पाण्याला अर्थिंग. थेंब भार घेऊनच सुटतो. साध्या मोठ्या थेंबाला बगल देऊन बारीक कण हवेबरोबर निसटतो, भारित थेंब त्याला ओढून घेतो. स्टुअर्ट होनिग यांनी अ‍ॅरिझोना विद्यापीठात १९७०च्या दशकात यावर काम केलं. पण ही ओढ अगदी जवळूनच लागते. दगड फोडायचा क्रशर, माल नेणाऱ्या कन्व्हेअर पट्ट्याचं तोंड, ठीक. उघड्या रस्त्यावर, मे महिन्यात? बारीक थेंब कणापर्यंत पोचायच्या आत वाळतो, नाहीतर वारा नेतो.

सुखलियाचा भिया: तो "कुणीतरी" मीच, नाव घ्यायला काय झालं? मेव्हण्याच्या गिट्टी क्रशरवर लावलाय. आधी समोरचा माणूस दिसत नव्हता. तुम्ही पुस्तकं वाचत बसा.

रामबागकर: क्रशरला चारी बाजूंनी पत्रे आहेत की नाहीत?

सुखलियाचा भिया: आहेत. मग?

रामबागकर: मग वेगळं काय म्हणतोय मी!

लोकमान्यनगरची ताई: वीज राहू द्या, पाणी कुणाचं? नर्मदेचं पाणी इंदूरला आणा म्हणून झालेलं १९७०चं आंदोलन आमच्या बाबांनी पाहिलं, १९७८ला नर्मदा आली. नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर, तेही चढवून. आमच्याकडे नळ दिवसाआड, आणि तुम्ही ते हवेत उडवणार?

सुखलियाचा भिया: ताई, धुक्याइतके बारीक थेंब असतात. टँकरने रस्ता धुण्यापेक्षा पाणी कमीच लागतं. शिवाय प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरा.

लोकमान्यनगरची ताई: म्हणजे गटाराचं धुकं नाकात! नीट निर्जंतुक केलंय की नाही, कोण बघणार? सासऱ्यांना दमा आहे. तुम्ही या शेजारी उभे राहायला.

रामबागकर: हा मुद्दा बरोबर आहे. पण पाण्यावरून रडायचं, तर तुमच्याच गल्लीत रोज सकाळी नळीने गाड्या धुतात, तेव्हा नर्मदा आठवत नाही?

लोकमान्यनगरची ताई: माझ्या दारात गाडीच नाही. पाळत ठेवता का आमच्या गल्लीवर?

सुखलियाचा भिया: बरं, रामबागकर महाराज, रस्त्यावर नको. पण खडी-वाळू उतरवतात तिथे तरी आडोसा करून लावू द्याल? की त्यालाही अ‍ॅरिझोनाची परवानगी लागेल?

रामबागकर: तिथे लावा. आधी ट्रकवर ताडपत्री टाका, ती पाण्याशिवाय चालते.

लोकमान्यनगरची ताई: गाडी समोरच्यांची आहे. त्यांना जाऊन सांगा.